पावती मागणारी बाई

स्मरणिका समितीने "इतिहासावर काहीतरी लिहून द्या" असं सांगितलं, तेव्हा त्यांच्या मनात बहुतेक सिंधुदुर्ग किल्ला असणार. मालवणात इतिहास म्हटला की माणूस आपोआप समुद्राकडे बघतो. पण किल्ल्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत, त्याला माझी गरज नाही. मी लिहिणार आहे दूरदर्शनवरच्या एका अभिनेत्रीबद्दल. कारण सरळ आहे. आपली संस्था २००० साली नोंदली गेली. त्यानंतरची दहा-बारा वर्षं आम्हा तिघीजणींना या इमारतीत "रजनी मंडळ" म्हणत असत. कोणी कौतुकाने, जास्त करून चेष्टेने. तिघींपैकी दोघी आज नाहीत. नवे सभासद आणि त्यांची मुलं जुन्या माणसांच्या तोंडून ते नाव ऐकतात आणि विचारतात, ही रजनी कोण? कुठल्या मजल्यावर राहायची?

रजनी कुठल्याच मजल्यावर राहत नव्हती. ती १९८५ साली दूरदर्शनवर होती, आणि तिचं काम करणाऱ्या बाईंचं नाव प्रिया तेंडुलकर.

तेंडुलकर म्हटल्यावर हल्लीची मुलं थेट क्रिकेटमध्ये शिरतात. आमच्या पिढीत ते नाव आधी नाटकाचं होतं. आणि आपल्या जिल्ह्यात तर ते घरचंच. कुडाळ तालुक्यातल्या तेंडोली गावावरून हे आडनाव आलं, असं इथे कुणीही सांगेल. प्रियाताईंचा जन्म मात्र मुंबईतला, १९ ऑक्टोबर १९५४ चा. वडील विजय तेंडुलकर, 'शांतता! कोर्ट चालू आहे'चे लेखक. त्या घरात वाढणं म्हणजे काय असेल याचा अंदाज एका वर्षावरून येतो. १९७२ साली 'सखाराम बाइंडर' रंगमंचावर आलं. त्यावर सेन्सॉरची बंदी, मोर्चे, निषेध, मग हायकोर्ट. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पुण्याला 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग झाला आणि नवं वादळ उठलं. मुलगी तेव्हा अठरा वर्षांची. एवढ्या वयात आपल्या बापाला चारचौघांत शिव्या पडताना बघणारी मुलगी एक तर घाबरट होते, नाहीतर तिची भीडच चेपते. पुढे पडद्यावर दिसलं ते बघता, यांची भीड चेपली असावी असं मला वाटतं.

त्यांनी कामं काय काय केली ती यादी वाचली की मला मौज वाटते. पंचतारांकित हॉटेलात रिसेप्शनवर बसल्या, विमानात हवाईसुंदरी झाल्या, मॉडेलिंग केलं, टीव्हीवर बातम्या वाचल्या. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. त्या काळात बातम्या वाचता वाचता अभिनयात गेलेल्या मुली आणखीही होत्या, स्मिता पाटील त्यातलीच. पण रिसेप्शन आणि विमान ही दोन कामं मला महत्त्वाची वाटतात. काउंटरच्या आतल्या बाजूला उभं राहून समोरच्या चिडलेल्या माणसाशी हसून बोलायचं, हे त्या पगारासाठी शिकल्या. पुढे कॅमेऱ्यासमोर त्यांना काउंटरच्या बाहेरच्या बाजूला उभं राहायचं होतं. आतला माणूस कधी खोटं बोलतो, कधी नुसता कंटाळलेला असतो, हे त्यांना आधीच ठाऊक असणार.

सिनेमात त्या पहिल्यांदा ठळकपणे दिसल्या त्या श्याम बेनेगल यांच्या 'अंकुर'मध्ये, १९७४ साली. त्या चित्रपटाची आठवण निघाली की सगळे शबाना आझमीबद्दल बोलतात, आणि ते बरोबरच आहे. पण अनंत नाग हा जो जमीनदाराचा मुलगा, त्याची लग्नाची बायको सरू म्हणजे प्रिया तेंडुलकर. वयाने लहान, दिसायला गोड. पण ती सासरी आल्यावर त्या घरात मोलकरीण लक्ष्मीला जागा उरत नाही. पुढे अख्ख्या देशाने जिला दुबळ्यांची बाजू घेणारी बाई म्हणून डोक्यावर घेतलं, तिची पडद्यावरची पहिली मोठी ओळख ही अशी, मालकिणीची. त्यानंतर मराठी सिनेमे झाले: 'गोंधळात गोंधळ', 'थोरली जाऊ', 'मुंबईचा फौजदार'. त्यातला 'मुंबईचा फौजदार' मी आमच्या गावच्या जत्रेत पडद्यावर पाहिला होता. पडदा वाऱ्याने हलत होता, त्यामुळे रवींद्र महाजनी आणि त्या दोघंही मधूनमधून रुंद व्हायचे. या सिनेमांबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं मला नाही. त्या काळच्या मराठी चित्रपटात नायिकेला जेवढं करायला देत, तेवढं त्यांनी नीट केलं.

आता 'रजनी'.

१९८५ साल. टीव्ही म्हणजे दूरदर्शनच. आदल्या वर्षी जुलैमध्ये 'हम लोग' सुरू झालं होतं आणि लोकांना मालिकेची गोडी लागली होती. बासू चटर्जी हे तोवर 'रजनीगंधा', 'छोटी सी बात' अशा साध्या मध्यमवर्गीय माणसांच्या सिनेमांमुळे माहीत झालेले. त्यांनी ही मालिका केली. सिनेमात येण्यापूर्वी हा माणूस 'ब्लिट्झ' साप्ताहिकात बरीच वर्षं व्यंगचित्रं काढत होता, आणि मला वाटतं 'रजनी'ची बांधणी व्यंगचित्रासारखीच होती. एक प्रसंग, एक गुर्मीखोर माणूस, आणि समोर एक गृहिणी. लेखन करण राजदान यांचं, रजनीच्या नवऱ्याचं कामही त्यांचंच. पुढे या दोघांनी प्रत्यक्षात लग्न केलं आणि काही वर्षांनी वेगळे झाले. त्यावर तेव्हा मासिकांनी भरपूर शाई खर्च केली, मी नाही करत.

रजनी करायची काय? गॅसचा सिलिंडर वेळेवर येत नाही, आणणारा माणूस वर पैसे मागतो, तर ती एजन्सीत जाऊन जाब विचारायची. टॅक्सीवाला यायला नकार देतो, तर त्याच्या मागे लागायची. शाळेचा प्रवेश, सरकारी खिडकी, शेजारच्या घरात बायकोला होणारी मारहाण. ज्या गोष्टींबद्दल आपण "असतं असंच" म्हणून पुढे जातो, तिथे ती थांबायची. साधी साडी, खांद्याला पर्स, चेहऱ्यावर हसू. आवाज चढवायची, पण असभ्य कधी झाली नाही. टॅक्सीवाल्यांवरचा भाग दाखवल्यावर मुंबईत टॅक्सीवाले चिडून दूरदर्शन केंद्रावर गेल्याचं त्या वेळी चांगलंच गाजलं होतं. मालिकेतल्या एका खोट्या बाईमुळे खऱ्या माणसांना राग यावा, हे तोवर आम्ही पाहिलं नव्हतं.

मी त्या वेळी लालबागला मामांकडे राहत होते. चाळीत दोन मजल्यांत मिळून तीन टीव्ही. रविवारी सकाळी मामी मासळी आणायला जायची ती 'रजनी'च्या आधी परत यायची, आणि बांगडे तसेच पिशवीत ठेवून सगळ्याजणी शेजारच्या खोलीत. त्या खोलीत कोण होतं हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. बहुतेक आपल्याच भागातल्या बायका, मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या. घरटी एक माणूस गिरणीत. आणि गिरणी १८ जानेवारी १९८२ पासून बंद. डॉ. दत्ता सामंतांचा तो संप कधी अधिकृतपणे संपलाच नाही. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले होते, त्यातले कितीतरी परत कामावर गेले नाहीत. माझे मामाही नाही गेले. मामी डबे करून द्यायची. कोणी पापड लाटत होतं, कोणी दादरला भाजी विकत होतं, काहींनी बिऱ्हाड उचलून गाव गाठलं होतं.

त्या बायका 'रजनी' बघताना खूश व्हायच्या, टाळ्या वाजवायच्या. एकजण दर वेळी म्हणायची, "ह्या बायेक आमच्या रेशनवाल्याकडे धाडूक होयी." पण एका रविवारी मालिका संपल्यावर मामी पदराला हात पुसत उठली आणि म्हणाली, "हिचो घोव गिरणीत असतो, तर ही अशी बोलली असती काय गो?"

कोणी काही बोललं नाही. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते, मला वाटलं मामी उगाच कुरकुर करते आहे. पण तो प्रश्न मी विसरले नाही. 'रजनी'बद्दल नंतर जे जे जाणकारांनी लिहिलेलं वाचलं, त्यात या प्रश्नाच्या पुढे फारसं कोणी गेलेलं मला दिसलं नाही. रजनीकडे घर होतं, नवऱ्याची नोकरी होती, चांगलं हिंदी होतं, आणि साहेबाच्या केबिनमध्ये शिरताना शिपाई अडवणार नाही असे कपडे होते. एवढं भांडवल असलं तर माणूस भांडू शकतो. ज्याच्याकडे ते नाही त्याने काय करायचं, हे त्या अर्ध्या तासात येत नसे.

इथे मला वडिलांचं नाव पुन्हा घ्यावं लागतं. 'रजनी'च्या दोनच वर्षं आधी, १९८३ मध्ये, गोविंद निहलानींचा 'अर्धसत्य' आला होता. पटकथा विजय तेंडुलकरांची. त्यात ओम पुरी म्हणजे इन्स्पेक्टर वेलणकर. अंगावर वर्दी असलेला प्रामाणिक माणूस, पण व्यवस्थेपुढे त्याचं काही चालत नाही. शेवटी हातून खून होतो आणि तो स्वतःच पोलिसांत हजर होतो. वर्दीवाला हरतो, असं वडिलांनी लिहिलं. पर्सवाली जिंकते, असं मुलीने दाखवलं, आणि तेही जाहिराती धरून अर्ध्या तासात! एकाच घरातल्या जेवणाच्या टेबलावर हे दोन देश बसलेले. बापलेकीत यावर काय बोलणं होत असेल, कोण जाणे. मला विचाराल तर नाटककार म्हणून वडील कितीतरी मोठे. त्यात वादच नाही. पण 'अर्धसत्य' बघून घरी आलेला माणूस सुन्न होऊन झोपायचा, आणि 'रजनी' बघून उठलेली बाई दुसऱ्या दिवशी वाण्याला म्हणायची, "वजन परत कर, काटा माझ्याकडे फिरव." मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. लालबागच्या त्याच वाण्याकडे, त्याच महिन्यात.

रजनी आभाळातून पडली नव्हती, हेही मुलांनी लक्षात ठेवावं. आपल्या महाराष्ट्रात त्याआधीच बायका रस्त्यावर उतरल्या होत्या. १९७२ च्या महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांनी लाटणी घेऊन मोर्चे काढले. मृणालताईंना तर गोरेगावच्या पाण्यासाठी भांडल्या म्हणून लोक "पाणीवाली बाई" म्हणत. पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीचं काम १९७४ मध्ये सुरू केलं, पुढच्या वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. म्हणजे जमीन नांगरलेली होती. दूरदर्शनने काय केलं, तर जी बाई मोर्चात कधी गेली नसती, तिच्या घरात ही गोष्ट आणून ठेवली. आणि एक तारखांचा योगायोग बघा. 'रजनी' १९८५ ची, आणि संसदेने ग्राहक संरक्षण कायदा केला डिसेंबर १९८६ मध्ये. २४ डिसेंबर हा राष्ट्रीय ग्राहक दिन त्यावरूनच. मालिकेमुळे कायदा झाला असं कोणी म्हणत असेल तर ते मला पटत नाही, कायदे असे होत नाहीत. पण १९८५ मध्ये रजनी ज्या काउंटरवर भांडत होती, तिथे तिच्या हातात कुठलंही कलम नव्हतं. नुसती जीभ होती. जिल्ह्याजिल्ह्यात ग्राहक मंच आले ते नंतर.

मी १९८८ च्या सुमारास शिक्षिकेची नोकरी लागून इकडे आले. तेव्हा आपल्या भागात टीव्ही होते, पण चित्र दिसणं नशिबावर. अँटेना बांबूला बांधून माडाच्या उंचीला न्यायची, एकाने वर चढून फिरवायची आणि खाली अंगणातून दुसऱ्याने ओरडायचं, "इलां! इलां! आता हलव नको!" वारा सुटला की पडद्यावर मुंग्या. इथल्या बायकांना 'रजनी' ठाऊक होती, पण मुंबईच्या बायकांपेक्षा वेगळ्या तऱ्हेने. गॅसचा भाग त्यांना मजेशीर वाटला होता, कारण बहुतेकींची चूल लाकडावर, फार तर रॉकेलचा स्टोव्ह. सिलिंडर उशिरा आला म्हणून एवढं काय ते! पण रॉकेलचं माप आणि रेशनचा तांदूळ त्यांना बरोब्बर कळायचा.

आता आपल्या इमारतीकडे येते. ज्यांनी १९९९ मध्ये ताबा घेतला त्यांना सगळं आठवत असेल. बावीस फ्लॅट, जिन्याला रेलिंग नाही, विहिरीचं पाणी एप्रिल लागला की मचूळ. नळाचं कनेक्शन "येत्या पंधरवड्यात" म्हणून सांगितलेलं, ते दोन पावसाळे गेले तरी आलं नाही. संस्था नोंदवली, पण जमीन आणि इमारत आपल्या नावावर करून द्यायची ती बिल्डरने दिली नाही. १९६३ चा मोफा कायदा आणि त्याखालचे नियम सांगतात की करारात दुसरी मुदत ठरलेली नसेल, तर संस्था झाल्यापासून चार महिन्यांत हे झालं पाहिजे. चार महिने! आमच्या पहिल्या सेक्रेटरींनी तो नियम वहीत लिहून ठेवला होता आणि त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या.

पुरुष मंडळी नोकरी-धंद्याला जाणारी. म्हणून दुपारच्या वेळी ऑफिसात खेपा घालायचं काम आम्हा तिघींकडे आलं. तळमजल्यावरच्या काकी पोस्टातून निवृत्त झालेल्या, दुसऱ्या मजल्यावरची आमची मैत्रीण शिवणकाम करायची, आणि मी सकाळच्या शाळेतली मास्तरीण. पहिल्या खेपेला आम्ही तावातावाने गेलो, रजनीसारख्याच. समोरच्या साहेबांनी चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं, "बघतो" म्हणाले आणि आम्हाला जिन्यापर्यंत सोडायला आले. बाहेर आल्यावर काकी म्हणाल्या, "चाय बरी होती. पण हातात काय पडलां?" हातात काहीच नव्हतं. पोस्टात जन्म गेलेल्या बाईला हे लगेच कळलं. त्या दिवसापासून काकींचा नियम: तोंडी काही बोलायचं नाही, अर्ज दोन प्रतींत न्यायचा, आपल्या प्रतीवर इनवर्डचा शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय खुर्चीतून उठायचं नाही. "पोच दी मगे आमका," एवढंच वाक्य, गोड आवाजात, पुन्हा पुन्हा. आपल्या संस्थेची ती निळी फाइल आजही कार्यालयाच्या कपाटात आहे. त्यात असे एकशे सतरा शिक्के आहेत, मी या लेखासाठी परवा मोजले.

नळ आला २००३ मध्ये. जमिनीचं प्रकरण त्याहून चिवट. २००८ साली कायद्यात दुरुस्ती होऊन बिल्डर सही करत नसेल तरी सक्षम अधिकाऱ्याकडून अभिहस्तांतरण करून घेण्याची सोय झाली, ज्याला आपण डीम्ड कन्व्हेयन्स म्हणतो. २००५ चा माहिती अधिकार कायदा हाताशी होताच, त्यामुळे जुने नकाशे आणि मंजुऱ्यांच्या नकला मिळाल्या. अर्ज, त्रुटी, पुन्हा अर्ज, सुनावणी. आदेश हातात पडला २०१३ मध्ये. रजनीने हे अर्ध्या तासात केलं असतं. आम्हाला तेरा वर्षं लागली आणि बावीस सह्या लागल्या. त्यातल्या तीन सह्यांसाठी मुंबई, पुणे आणि मस्कतला कागद पाठवावे लागले. काकी २०११ मध्ये गेल्या, त्यांनी आदेश पाहिला नाही. त्यांच्या मुलाने वारस म्हणून सही केली.

मामीच्या प्रश्नाचं उत्तर मला या तेरा वर्षांत थोडंफार मिळालं. एकटी रजनी ज्याच्याशी भांडू शकत नाही, त्याच्याशी बावीस घरं भांडू शकतात. पण बावीस घरांना एकत्र बसवणं हे बिल्डरशी भांडण्यापेक्षा अवघड असतं, आणि ते टीव्हीवर दाखवलं तर कोणी बघणार नाही. सर्वसाधारण सभेला आठ डोकी आली तर मालिका काय काढणार? आजही आठच येतात, हे जाता जाता.

असो. प्रिया तेंडुलकरांचं पुढे काय झालं, ते सांगायचं राहिलं.

'रजनी'ने त्यांना एवढं नाव दिलं की त्या नावाखाली त्या स्वतः दबल्या. लोक रस्त्यात थांबवून आपल्या तक्रारी सांगायचे. अभिनेत्रीला लोक सही मागतात, यांच्याकडे अर्ज आणून द्यायचे! वडिलांनी लिहिलेली 'स्वयंसिद्धा' मालिका त्यांनी केली, त्यातही स्वतःच्या पायावर उभी राहणारी बाई. उपग्रह वाहिन्या आल्यावर त्यांच्या नावाचाच चर्चेचा कार्यक्रम सुरू झाला, 'प्रिया तेंडुलकर शो'. लोकांना समोर बसवून, ज्यावर घरात बोलत नाहीत त्या विषयांवर त्या बोलतं करायच्या. आज रोज रात्री टीव्हीवर जो आरडाओरडा चालतो त्याला चर्चा म्हणतात. त्या कार्यक्रमात बाई समोरच्याला वाक्य पुरं करू द्यायच्या, हे मला आठवतं.

आणि मग १९९५ पासून झी टीव्हीवर 'हम पाँच'. ही मालिका इथल्या घराघरात बघितली गेली, कारण एक तर अशोक सराफ, आणि दुसरं म्हणजे त्या पाच मुलींचा धुमाकूळ. आपल्या इमारतीत आज चाळिशीला आलेली एक मुलगी लहानपणी स्वतःला 'काजलभाई' म्हणवून घ्यायची, नाव सांगत नाही. त्यात प्रियाताई होत्या अशोक सराफांची पहिली बायको, म्हणजे वारलेली. भिंतीवर हार घातलेला फोटो, आणि तो फोटो नवऱ्याशी बोलतो, टोमणे मारतो, सल्ले देतो. दहा वर्षांपूर्वी जिने भल्याभल्यांच्या केबिनमध्ये शिरून जाब विचारला, तिला आता लेखकांनी फ्रेममध्ये बसवलं होतं. हात-पाय हलवायची सोय नाही, फक्त चेहरा आणि आवाज. आणि तेवढ्यावर त्या अख्खा प्रसंग खाऊन टाकायच्या. अभिनय म्हणून मला विचाराल तर मी 'रजनी'पेक्षा 'हम पाँच'मधल्या त्या फोटोला जास्त गुण देईन. 'रजनी'त त्यांचा मुद्दा जिंकायचा, इथे त्या स्वतः.

त्यांचं लिहिणं मात्र फार थोड्यांना माहीत आहे. 'ज्याचा त्याचा प्रश्न', 'जन्मलेल्या प्रत्येकाला', 'पंचतारांकित' ही त्यांची पुस्तकं. रजनी डोक्यात ठेवून कोणी ती उघडली तर गोंधळेल. ज्या बाईकडे पडद्यावर प्रत्येक प्रश्नाचं उत्तर होतं, तिने कथासंग्रहाला नाव दिलं 'ज्याचा त्याचा प्रश्न'. तेंडुलकरांच्या घरचं रक्त तिथे दिसतं. मला त्या लेखिका म्हणूनच अधिक जवळच्या वाटतात. अभिनयाच्या धबडग्यात त्यांच्याकडून आणखी चार पुस्तकं राहून गेली, अशी माझी तक्रार आहे. ती कुठल्या काउंटरवर नोंदवायची?

शेवटची वर्षं आजारपणाची. स्तनाचा कर्करोग झाला होता. २००१ साली घरात आई गेली, भाऊ गेला. १९ सप्टेंबर २००२ ला मुंबईत हृदयविकाराचा झटका येऊन त्या गेल्या, अठ्ठेचाळीसावं वर्ष पुरं व्हायला एक महिना बाकी होता. वडील त्यानंतर जवळपास सहा वर्षं जगले, मे २००८ मध्ये पुण्यात गेले. बायको, मुलगा आणि मुलगी दीड-दोन वर्षांत गमावलेला तो म्हातारा माणूस वर्तमानपत्रातल्या फोटोत बघवत नसे.

त्या गेल्याची बातमी आली त्या आठवड्यात आमची पाण्यासाठी एक खेप ठरलेली होती. दुसऱ्या मजल्यावरच्या मैत्रिणीने पेपरातला फोटो कापून निळ्या फाइलच्या आतल्या बाजूला डकवला. खळ वापरली होती, त्यामुळे तो आता पिवळा पडून एका कोपऱ्यातून वर आला आहे. ऑफिसातल्या क्लार्कने फाइल उघडताना तो बघितला आणि म्हणाला, "ही 'हम पाँच'वाली ना? फोटोतली?" मैत्रीण म्हणाली, "होय, तीच. आता आमची पोच द्या."

गेल्या गणपतीत आरतीनंतर मुलांना मी यूट्यूबवर 'रजनी'चा गॅसवाला भाग दाखवला. दहा-बारा जण होते, मोदक खात बघत होते. फोन तारेचा, स्कूटर जुनी, रंग उडालेले, तरी शेवटपर्यंत हलले नाहीत. संपल्यावर तळमजल्यावरचा पाचवीतला मुलगा म्हणाला, "आजी, हिने ऑनलाइन कंप्लेंट का नाही टाकली?" मी त्याला सांगितलं, तेव्हा ऑनलाइन नव्हतं. त्याने थोडा विचार केला. म्हणाला, "आमच्या बाबांनी लिफ्टची टाकलीय ऑनलाइन. तीन महिने झाले. नुसतं 'पेंडिंग' येतं."

लिफ्टच्या अर्जाची एक छापील प्रत मी त्याच्या बाबांकडून घेतली आहे. निळ्या फाइलला लावायची आहे. सोमवारी अकरा वाजता कोणाला यायचं असेल तर खाली गेटपाशी भेटा.